दैत्यकोटातला मुकादम कुणी पाडला

"कुणाला पटायचं न्हाई," माईक हातात येताच आबासाहेबांनी सांगून टाकलं, "मलाबी अजून पटत न्हाई. पन जे झालं ते झालं, त्याला मी तरी काय करू?"

ग्रामपंचायतीच्या ओट्यासमोर बसलेलं गाव खूश झालं. आबासाहेबांची गोष्ट 'कुणाला पटायचं न्हाई'नं सुरू झाली की ती लांबणार आणि रंगणार, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. पाथर्डीच्या पुढं डोंगराला पाठ लावून बसलेल्या त्या गावात पाऊस वेळेवर येत नसे, एसटी वेळेवर येत नसे, पण आबासाहेबांची थाप एक दिवस चुकली नव्हती. देवळाली प्रवऱ्याच्या फडात उसाच्या मोळीत बिबट्याचं पिल्लू बांधलं गेलं आणि ते थेट कारखान्याच्या वजनकाट्यावर जाऊन शिंकलं, ही त्यांचीच. संगमनेरच्या पुलावरून नदीत पडलेली बिडी बुडी मारून वर काढली तेव्हा ती पेटलेलीच होती, हीसुद्धा त्यांचीच. गावानं दोन्ही ऐकून घेतल्या होत्या आणि वर चहा पाजला होता.

समोर बायकांच्या सतरंजीवर पहिल्याच ओळीत दगडाबाई बसली होती. आबासाहेब हे तिचे मालक. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्यांच्या एकाही थापेला बोट लावलं नव्हतं. बिबट्या कुणाच्या घरचा नव्हता, बिडी कुणाच्या वाटणीची नव्हती. माणूस बोलतो, लोक हसतात, दिवस जातो. त्यात आपलं काय गेलं, असा तिचा हिशेब.

आज मात्र ती गुडघे घट्ट धरून बसली होती, कारण आजच्या गोष्टीत तिचं काहीतरी जाणार होतं.

ते भिंतीवर होतं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर निळ्या रंगाची मोठी पाटी होती. वर ठसठशीत अक्षरात 'गावाचे मानकरी', आणि खाली सात नावं. पहिला फौजेत गेलेला, जिल्ह्याची कुस्ती मारलेला, डॉक्टर झालेला, असं करत करत सातवी अश्विनी, पोलिसात भरती झालेली. आज आठवं नाव लागायचं होतं. केडगावच्या गणेश मंडळानं ठेवलेल्या मोबाईल गेमच्या स्पर्धेत आपल्या गावचं माणूस पहिलं आलं, म्हणून सरपंच गहिनीनाथनं हा सत्कार ठेवला होता. शिडी लागली होती. शिडीवर रामहरी पेंटर पांढरा ऑइलपेंट आणि ब्रश घेऊन चढला होता. त्याला दुपारी पाथर्डीला एका दुकानाची पाटी रंगवायची होती, म्हणून भाषण चालू असतानाच काम उरकू का, असं त्यानं विचारलं आणि सरपंच उरक म्हणाला. चढण्याआधी रामहरीनं एवढं मात्र सगळ्यांना बजावलं होतं, की काय लिहायचं ते आत्ताच सांगा, हा पेंट एकदा वाळला की रॉकेलनंबी निघत नाही.

कालच दगडाबाईनं विषय काढला होता. अंगणात बाजरीची कणसं बडवता बडवता ती म्हणाली होती की उद्या खरं काय ते सांगा, आणि पाटीवर दोघांचं नाव लावायला सांगा. आबासाहेब म्हणाले, "सांगतो की. मी काय खोटं बोलतो व्हय?" त्यावर ती हसली होती. आज त्या हसण्याचा तिला राग येत होता.

आबासाहेबांनी सुरुवात केडगावच्या मांडवापासून केली. मांडवात पाच हजार माणूस होतं म्हणाले. पुण्याचा रस्ता दोन तास बंद पडला, ट्रकवाले टपावर चढून बघत होते. टीव्ही एवढा मोठा, की त्यातला राक्षस हसला तर मागच्या रांगेतल्या माणसाला त्याची दाढ दिसावी. शाळेची पोरं पुढं सरकली. दगडाबाईनं मनातल्या मनात माणसं मोजली. साठ असतील, आणि त्यातली वीस प्रसादाला आलेली.

असू दे, तिला वाटलं. माणसं वाढवा, टीव्ही वाढवा, फक्त मला कमी करू नका.

खरं काय झालं ते तिच्या दोन अंगठ्यांना माहीत होतं.

गेल्या ऊसतोडीच्या हंगामाला निघताना त्यांच्या नातीनं, केडगावात राहणाऱ्या धनश्रीनं, आपला जुना मोबाईल आजी-आजोबांना दिला होता. त्यात दैत्यकोट नावाचा गेम तसाच राहून गेला होता. ऊसतोडीत एक गंमत असते. उजाडायच्या आधी फडात जा, कंबर मोडेस्तोवर तोडा, मोळ्या बांधा, रस्त्याच्या कडेला रचा, आणि मग कारखान्याची गाडी यायची वाट बघत बसा. गाडी दहाला येते म्हणतात आणि चारला येते. त्या बसण्यात आबासाहेबांनी मोबाईल चाळता चाळता गेम उघडला.

एक फाटका गडी, हातात गंजकी तलवार, पडक्या कोटाच्या दारात उभा. समोरून लांडगे येतात, मग हाडांचे सापळे येतात. विचार करायला सवड नाही, तुम्ही विचार करत बसलात म्हणून लांडगा थांबत नाही. मारला की खाली एक पट्टी थोडी भरते. पट्टी काठोकाठ भरली की गड्याच्या अंगावर सोनेरी उजेड पडतो, सनईसारखं काहीतरी वाजतं आणि गडी एक पायरी वर चढतो. प्रत्येक पायरीला तीन गुण. ते ताकदीत घाला, चिलखतात घाला, नाहीतर दमात घाला. ज्यात घालाल तसा गडी घडतो.

उजव्या अंगठ्यानं मारायचं. डाव्या अंगठ्यानं गड्याला चालवायचं, आणि घाव अंगावर आला की तोच डावा अंगठा झटकायचा, की गडी लोळण घेऊन बाजूला होतो. इथं आबासाहेबांचं अडलं. बारा वर्षांपूर्वी ऊस धरलेल्या हातावर कोयता घसरला होता आणि डाव्या अंगठ्याची शीर तुटली होती. अंगठा राहिला, पण वाकेनासा झाला. खुंटीसारखा सरळ. बोटानं चालवून बघितलं, तर गडी भिंतीला जाऊन थडकायचा आणि लांडगे निवांत जेवायचे.

म्हणून दगडाबाई डाव्या बाजूला बसली. मोबाईल एक, अंगठे दोघांचे. आबासाहेब मारायचे आणि ती चालवायची. यात दोघांनाही काही नवल वाटलं नाही. फडातही असंच होतं. ते पुढं तोडत जायचे, ती मागून गोळा करत मोळी बांधायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या यादीत नाव फक्त नवऱ्याचं, बायको त्यात धरलेलीच.

पहिल्यांदा गड्यावर सोनेरी उजेड पडला तेव्हा ती बघतच राहिली. मग तिला रागच आला. आठ लांडगे मारले की ह्याला पायरी, अन् वाजंत्री वर. मी बत्तीस हंगाम मोळ्या बांधल्या, माझ्यावर कुठं उजेड पडला? आबासाहेब हसत सुटले. म्हणाले, तुझी पट्टी भरली असंल, पन ती बघायला यादी माझ्या नावावर हाय. त्या वेळी तीही हसली होती. तेही हसणं आज तिनं कालच्या हसण्याच्या गाठोड्यात टाकलं.

गुणांवरून मात्र रोज भांडण. आबासाहेबांना सगळे ताकदीत हवे. एका घावात लोळवतो म्हणायचे. दगडाबाई म्हणायची, दमात घाला. सकाळी जोरात तोडणारा गडी दहा वाजता बांधावर बसलेला तिनं शेकड्यानं पाहिला होता. शेवटी डावा अंगठा तिचा असल्यामुळे तिचं चालायचं. दमात गुण पडेपर्यंत ती गड्याला हलवायचीच नाही.

आणि लोळण. ती तर तिला शिकवावीच लागली नाही. ज्या बाईनं बत्तीस हंगाम चालत्या कोयत्याच्या मागं हातभर अंतरावर वाकून काम केलं, तिला पातं कधी येणार ते पातं बघून कळत नाही. खांदा आधी उठतो, हात मागून येतो. नवऱ्याचा खांदा बघून ती मान काढून घ्यायची. लांडग्याला, सापळ्याला, राक्षसाला, सगळ्यांना खांदा होताच.

कोटाच्या शेवटच्या दालनात एक अवाढव्य राक्षस होता, हातात घणासारखा हातोडा. त्याचं नाव इंग्रजीत होतं, ते कुणाला म्हणता येईना. उंचावर उभा राहून हातोडा आपटायचा आणि ओरडून बाकीच्यांना अंगावर सोडायचा, म्हणून या दोघांनी त्याचं नाव मुकादम ठेवलं होतं.

"मुकादमाची उंची सांगू?" ओट्यावर आबासाहेबांनी विचारलं आणि कुणी हो म्हणायच्या आत सांगितली. गावची पाण्याची टाकी त्याच्या गुडघ्याला लागली असती. तो टीव्हीतून कमरेपर्यंत बाहेर आला. हातोड्याच्या वाऱ्यानं मांडवाची झालर उडाली ती रेल्वे स्टेशनात जाऊन पडली. मंडळाचा वैजनाथ नावाचा कार्यकर्ता तर गणपतीच्या मागं लपला.

लोक पोट धरून हसले. शिडीवर रामहरीनं 'श्री.' काढलं. पांढरं, ओलं, चकचकीत. दगडाबाईनं ते अक्षर बघितलं आणि तिच्या कानशिलाला चटका बसला. तिच्या नावामागं 'श्री' लागत नव्हतं.

वैजनाथ लपला नव्हता. वैजनाथ आडवा आला होता.

गणपतीला दोघं धनश्रीकडं केडगावला गेली होती. स्पर्धेच्या कागदावर एका माणसाला एक रकाना होता. आबासाहेबांनी आपलं नाव लिहिलं, जसं दर हंगामाला लिहितात तसं, आणि दोघं जाऊन एका बाकावर बसली. दगडाबाईलाही त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. यादीत नाव त्यांचं, कामाला दोघं, हे इतकं अंगवळणी होतं की तिनं कागदाकडं पाहिलंसुद्धा नव्हतं. मंडळाचाच मोबाईल, टीव्हीला जोडलेला. प्रत्येकाला पहिल्या पायरीवरचा कोरा गडी, पाऊण तास वेळ. तेवढ्यात दहा पायऱ्या चढेल त्यालाच मुकादमाशी लढायला मिळणार, आणि तिथं जीव तीन. म्हातारा-म्हातारी एका मोबाईलला दोन बाजूंनी चिकटलेली बघून पोरं आधी हसली. सातव्या पायरीला हसायची थांबली. दहाव्याला खुर्च्या पुढं ओढू लागली.

आणि मुकादमाचं दार उघडायच्या वेळी वैजनाथ म्हणाला, हे चालणार नाही. एक नाव म्हणजे एक माणूस.

आबासाहेबांनी त्याला कोयता समजावून सांगितला. कुठल्याही कारखान्यावर जा, दोन माणसं एकच धरतात, आजवर एकाही साहेबानं हरकत घेतली नाही. वैजनाथ केडगावचा, नोकरीतला माणूस. त्याच्या डोक्यात ते शिरेना. शेवटी तो म्हणाला, ज्याचं नाव यादीत आहे त्यानं बसावं.

ज्याचं नाव होतं ते बसले. पहिला जीव मुकादमानं पहिल्याच हातोड्यात घेतला. दुसऱ्या जीवाला आबासाहेबांनी बोटानं चालवायला घेतलं. गडी गोल गोल फिरत स्वतःहून हातोड्याखाली जाऊन उभा राहिला. एक जीव उरला. तेव्हा आबासाहेबांनी कपाळाचा घाम पुसला, आपल्याला लघवीला लागली असं जाहीर केलं आणि मांडवाच्या मागं निघून गेले.

बाक रिकामा पडला. दगडाबाई त्यावर बसली. वैजनाथ म्हणाला, आजी, तुमचं नाव नाही. ती म्हणाली, त्याच नावात मी बत्तीस वर्षं हाय. धनश्री मागून म्हणाली बसू द्या, मग पोरं म्हणाली बसू द्या, आणि वैजनाथचा नाइलाज झाला.

तिनं दोन्ही अंगठे लावले. मारायला उजवा अंगठा तिनं पहिल्यांदाच वापरला. घाई केली नाही. दोन घाव आणि बाजूला. दमाची पट्टी अर्धी झाली की मारणं बंद, श्वास घ्यायचा, नुसतं फिरायचं. मुकादमाचा खांदा उठला की डावा अंगठा झटकायचा. हातोडा मागं आपटायचा. पुन्हा दोन घाव. पोरं ओरडत होती, मार आजी, मार. ती मारत नव्हती. अठरा मिनिटं लागली, धनश्रीनं घड्याळ लावलं होतं. शेवटी मुकादम गुडघ्यावर आला आणि नांगरलेल्या ढेकळासारखा फुटला. सोनेरी उजेड सगळ्या टीव्हीभर पडला. सनई वाजली.

आणि टीव्हीवर अक्षरं आली: आबासाहेब विजयी.

तेच नाव कर्ण्यातून पुकारलं, आणि मांडवाच्या मागून आबासाहेब धोतर सावरत आले ते सरळ व्यासपीठावर चढले. बाकावर मोबाईल धरून दगडाबाई तशीच बसलेली. त्यावरही कडी अशी, की वैजनाथनं माईक आणून तिच्यापुढं धरला. आजी, विजेत्याचं नाव तुमच्या तोंडून येऊ द्या. मालकांचं नाव तिनं उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. हाक मारायची तर 'आवो', सांगायचं झालं तर 'आमचं हे'. तिला गप्प बघून बायका ओरडल्या, उखाणा, उखाणा. आणि तिनं घेतला. उखाणा म्हटला की जीभ आपोआप चालते:

"राक्षस पडला धाडकन, टीव्ही झाला लाल,
आबासाहेबांच्या अंगावर मंडळाची शाल."

टाळ्या पडल्या. शाल पडली. सन्मानपत्र त्यांच्या नावाचं झालं. पाडला तिनं, आणि शालही तिनंच आपल्या तोंडानं त्यांच्या अंगावर घातली. पुढचे कित्येक दिवस तो उखाणा तिच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकून होता.

तरी ती एवढी चिडली नसती. परतीच्या एसटीत आबासाहेबांनी कंडक्टरला मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं, की आमच्या हिनं पाडला, कुणाला पटायचं न्हाई. ते ऐकून तिचं मन भरलं होतं. स्टँडवर उतरल्यावर ते 'आमी दोघांनी' झालं. दूध संकलनावर 'मी मारत हुतो, ही शेजारी हुती' झालं. हॉटेलातल्या गोष्टीत ती नुसती पाण्याचा तांब्या धरून उभी राहिली. गोष्ट जशी वर चढली तशी ती एकेक पायरी खाली आली, आणि प्रत्येक पायरीला लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोकांनी खोट्याला टाळ्या वाजवल्या तर एकवेळ चालतं. इथं खरं होतं, तेच उचलून त्याची थाप केली होती. बिबट्या यांचा, बिडी यांची, सगळ्या थापा यांच्या. आयुष्यात तिच्या वाट्याला एकच न पटणारी गोष्ट आली होती आणि ती खरी होती. तीही यांना हवी होती.

ओट्यावरची गोष्ट आता मुकादमाच्या दारापाशी आली होती. दगडाबाई पुढं वाकली. इथं तरी नाव घेतील. काल सांगतो म्हणाले होते.

मधूनच सरपंचानं विचारलं, की आबा, वहिनीबी गेल्या हुत्या ना तुमच्यासंगं? आबासाहेबांची नजर सतरंजीवर आली. दगडाबाईनं ती धरून ठेवली. एवढंच, एवढं बोला. त्यांनी डोळे मिचकावले, जसे ते बिबट्या शिंकतो तिथं मिचकावतात.

"ही?" ते म्हणाले. "ही घरी शेरडांकडं हुती. मोकळ्या रानात शेरडं टाकून कोन जातंय?"

शेजारी बसलेल्या बनुबाईनं तिला कोपरानं ढोसलं.

"तू गेल्तीस ना गं? शेरडं तर माझ्याकडं बांधून गेल्तीस."

"गेल्ते."

"मग हे काय लावलंय?"

"आयक गप," दगडाबाई म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की बनुबाई जरा लांब सरकली.

रामहरीनं शिडी हातभर सरकवली, पुढच्या अक्षराची खडूची रेघ तपासली आणि ब्रश डब्यात बुडवला.

आबासाहेब आता पुरते रंगात आले होते. दोन जीव आपण मुद्दाम घालवले, मुकादमाला गाफील ठेवायला, असं त्यांनी सांगितलं. तिसऱ्या जीवाला त्यांनी श्वास रोखला. मुकादमानं खांदा उचलला. दगडाबाईनं तो लगेच ओळखला. हा खांदा तिचा होता. खांदा आधी उठतो हे तिनं त्यांना फडात सांगितलं होतं. तेही घेतलं.

"हातोडा खाली आला," आबासाहेब म्हणाले, "अन् मी ह्या डाव्या अंगठ्यानं असा एक झटका दिला, की गडी लोळत पार त्याच्या पायातनं पलीकडं."

आणि दाखवायला त्यांनी डावा हात उंच केला. मूठ वळली. चार बोटं आत गेली. अंगठा तेवढा खुंटीसारखा सरळ उभा राहिला. माईकसमोर, सगळ्या गावासमोर, निळ्या पाटीसमोर. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आबासाहेबांनी तो तसाच धरून ठेवला, पाडलेल्या राक्षसाची निशाणी असावी तसा.

दगडाबाई उठली.

पदर सारखा करून ती सतरंजीवरून पुढं आली तशी बायकांत खसखस पिकली. मालकाचा सत्कार, बाईला चेव येणारच. कुणीतरी म्हणालं, उखाणा घेत्यात वाटतं. मग सगळ्याच म्हणाल्या, घे गं, घे उखाणा. सरपंचानं हसत हसत आबासाहेबांच्या हातातला माईक काढून तिच्या हातात दिला. आबासाहेबही हसत होते. उखाण्यात आपलंच नाव येणार, हे त्यांना ठाऊक होतं. चाळीस वर्षांत दुसऱ्या कुठल्या वाटेनं ते तिच्या तोंडात आलं नव्हतं.

शिडीवर रामहरीचा ब्रश 'आ'च्या रेघेवर टेकायला आला होता. गंमत बघायला तो थांबला. ब्रशच्या टोकाला थेंब जमला, लोंबला, आणि खाली फरशीवर पडला.

"उखाणा न्हाई," दगडाबाई म्हणाली. "हे खोटं हाय. आबासाहेब, तो अंगठा वाकवून दाखवा."